चरवीच्या मापानें गव्हाण

शहरांत राहणाऱ्या कुटुंबाचा गाई-म्हशींशीं संबंध येतो तो दुधाच्या भांड्यापुरता. दूध महागलें, दूध पातळ झालें, उन्हाळ्यांत दुधाची टंचाई पडली, अशीं वाक्यें घरोघर ऐकूं येतात. परंतु दुधाचा भाव बाजारांत ठरण्यापूर्वीं गोठ्यांतील गव्हाणींत ठरून गेलेला असतो, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. दुग्धव्यवसायाच्या एकंदर खर्चापैकीं निम्म्याहून अधिक खर्च जनावरांच्या खाद्यावर होतो. म्हणून कोणत्या गाईला काय आणि किती खाऊं घालावें हा प्रश्न वरवर पाहतां गवळ्याचा असला, तरी शेवटीं तो आपल्या घरांतील मुलाच्या पेल्यापर्यंत येऊन पोंचतो. या प्रश्नाचें उत्तर माणसानें कसकसें शोधून काढलें, शोधतांना तो कोठें अडला, आणि उत्तर हातीं आल्यावरहि त्याचा विपरीत उपयोग कोठें झाला, याचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

मूळ तत्त्व नवें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत गोध्यक्षाचीं, म्हणजे राजाच्या गोधनावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचीं, कर्तव्यें सांगणारें एक प्रकरण आहे. बैलाला हिरवी वैरण किती, वाळलेलें गवत किती, घाण्याची पेंड किती, कणी-कोंडा किती, मीठ किती, याचीं मापें त्यांत दिलीं आहेत. त्याच प्रकरणांत असा नियम आहे कीं, कामाच्या बैलांना त्यांच्या कामाच्या वेळेप्रमाणें आणि दुभत्या गाईंना त्यांच्या उत्पन्नाप्रमाणें खुराक द्यावा. गवत आणि पाणी मात्र सर्वांनाच यथेच्छ मिळावें. गाईच्या एक द्रोण दुधांतून एक प्रस्थ तूप निघतें, म्हशीच्या तितक्याच दुधांतून एक पंचमांश अधिक निघतें, हें ग्रंथकाराला ठाऊक आहे. जमीन, चारा आणि पाणी यांच्या गुणाप्रमाणें दुधातुपाची वाढ होते, हेंहि ठाऊक आहे. हा ग्रंथ शतकानुशतकें दृष्टीआड होता. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें तो छापून प्रसिद्ध केला, तेव्हां युरोप-अमेरिकेंतील शास्त्रज्ञ याच सूत्राला आंकड्यांचें रूप देण्यांत गुंतले होते.

सूत्र सांगणें आणि माप देणें यांत मोठें अंतर आहे. उत्पन्नाप्रमाणें द्यावें हें खरें. पण किती दुधाला किती? हें सांगावयाचें तर तीन गोष्टी कळाव्या लागतात. निरनिराळ्या खाद्यांची परस्परांशीं तुलना करतां आली पाहिजे. गाईचा देह स्वतःसाठीं किती खातो तें समजलें पाहिजे. आणि प्रत्येक गाय किती दूध देते तें मापून पाहिलें पाहिजे. या तीन पायऱ्या चढून जाण्यास युरोप-अमेरिकेला सुमारें शंभर वर्षें लागलीं.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उत्तर युरोपांतील गोठ्यांत असा रिवाज होता कीं, दूध घ्यावयाचें तें उन्हाळ्यांत, आणि हिवाळ्यांत गाय केवळ जगवावयाची. काड आणि थोडेंसें वाळलें गवत यांवर तिनें सहा महिने काढावे. वसंत ऋतु येईपर्यंत कित्येक गाई इतक्या क्षीण होत कीं, त्यांना हातभार लावून उठवावें लागे. वैशाखांतील आपल्याकडचीं माळावरचीं हाडकुळीं गुरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं. जें कांहीं खाद्य असे तें सर्व गाईंपुढें सारखें टाकलें जाई. मोजण्याजोगें त्यांत कांहीं आहे असें कोणाला वाटत नसे.

पहिली पायरी एका वैद्यानें बांधली. आल्ब्रेख्ट थेअर (१७५२-१८२८) हा हॅनोवर राज्यांतील सेले गांवचा वैद्य. पुढें तो शेतीच्या अभ्यासाकडे वळला, आणि प्रशियांत म्योग्लीन येथें १८०६ मध्यें त्यानें शेतीची पाठशाळा काढली. १८०९ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या चार खंडांच्या ग्रंथांत त्यानें सर्व खाद्यांसाठीं एक नाणें पाडलें. कुरणांतील १०० रत्तल चांगलें वाळलें गवत हें तें नाणें. (रत्तल म्हणजे पौंड, सुमारें ४५४ ग्रॅम.) त्या गवताऐवजीं बटाटे द्यावयाचे तर २०० रत्तल द्यावे, अशा रीतीनें प्रत्येक खाद्याची किंमत त्यानें गवताच्या भाषेंत सांगितली. आज हे आंकडे कोणी वापरीत नाहीं. कारण खाद्यांतील कोणता अंश पोषक आणि कोणता निरुपयोगी हें त्या काळच्या रसायनशास्त्राला सांगतां येत नव्हतें. तथापि एका खाद्याच्या जागीं दुसरें हिशेबानें देतां येतें, ही कल्पना येथूनच रूढ झाली.

दुसरा मोठा प्रयोग फ्रान्समध्यें झाला. ज्यां बातीस्त बूसिंगो या रसायनशास्त्रज्ञाची आल्सास प्रांतांत बेशेलब्रॉन येथें शेती होती. १८३९ मध्यें त्यानें एका दुभत्या गाईचा जमाखर्च प्रसिद्ध केला. गाईनें खाल्लेले बटाटे आणि गवत एका बाजूस. तिचें दूध, शेण आणि मूत्र दुसऱ्या बाजूस. दोन्ही बाजू तोलून, पृथक्करण करून, त्यांतील नत्र आणि कर्ब त्यानें मोजले. गाय हवेंतून नत्र घेते कीं काय हा त्याच्यापुढील प्रश्न होता. हिशेब असा निघाला कीं, बाहेर पडलेलें नत्र खाद्यांतील नत्राहून अधिक नव्हतें. कांहींसें कमीच होतें. याचा अर्थ गोपालकाच्या दृष्टीनें फार मोठा होता. दुधांतील जें सत्त्व चरवींत दिसतें तें गव्हाणींतूनच आलेलें असतें. गाय शून्यांतून दूध निर्माण करीत नाहीं. खुराकांत कसर केली तर ती दुधांत उतरते, किंवा गाईच्या अंगावरून वसूल होते; तिसरी वाट नाहीं.

यानंतर हें काम जर्मनींत झपाट्यानें पुढें गेलें. लाइपझिगजवळ म्योकर्न येथें १८५०-६० या दशकाच्या आरंभीं शेतीची प्रयोगशाळा निघाली. गटिंगेनजवळ वेंडे येथें हेन्नेबर्ग आणि श्टोमान या दोघांनीं बैलांना खाऊं घालून आणि त्यांचें शेण तपासून, पोटांत गेलेल्या अन्नापैकीं पचतें किती याचा छडा लावला. प्रथिनें, पिष्टमय द्रव्यें, स्निग्धांश आणि चोथा अशी खाद्याची जी वांटणी जगभर रूढ झाली तिचा उगम या वेंडे गांवांत आहे. या सामग्रीवर एमिल वोल्फ यानें १८६४ मध्यें एक कोष्टक छापलें. १००० रत्तल वजनाच्या दुभत्या गाईला रोज २.५ रत्तल पचनीय प्रथिनें, १२.५ रत्तल पिष्टमय द्रव्यें आणि ०.४ रत्तल स्निग्धांश द्यावा, असें त्यांत सांगितलें होतें. हें कोष्टक दरसालच्या शेतकी पंचांगांत निघत असल्यामुळें तें हजारों शेतकऱ्यांच्या हातीं गेलें, आणि पुढें समुद्र ओलांडून अमेरिकेंतहि पोंचलें.

पण या कोष्टकांत दुधाचा उल्लेखच नव्हता! गाय दुभती आहे एवढें पुरे. ती शेर देते कीं दहा शेर, हें विचारण्याचें कारण नव्हतें. या समतेंत किती अन्याय होता हें एका साध्या उदाहरणानें पाहूं. एका गोठ्यांत सारख्या वजनाच्या दोन गाई आहेत. एक रोज ११ रत्तल दूध देते, दुसरी ३३ रत्तल देऊं शकते. दोघींना २२ रत्तल दुधास पुरेल एवढा खुराक मिळतो. पहिलीच्या अंगावर चरबी चढूं लागते. मालकाला ती तुकतुकीत दिसते, आणि तो खूष होतो. दुसरी विल्यानंतर कांहीं आठवडे आपल्या हाडामांसांतून काढून दूध देते, खंगते, आणि अखेर तिचें दूध खुराकाच्या पातळीवर उतरतें. मग मालक म्हणतो, ही प्रथम बरी होती, आतां सामान्यच निघाली. सारख्या खुराकानें गाई सारख्या होतात. पण त्या सारख्या होतात त्या उत्तम गाईला खालीं ओढून. तिची योग्यता मालकाला कधींच कळत नाहीं, आणि पुढें तिचीच कालवड राखावी अशी बुद्धीहि त्याला होत नाहीं.

हॅले येथील यूलिउस क्यून यानें या एकसुरी कोष्टकावर आक्षेप घेतला होता. त्याचें म्हणणें असें कीं, प्रत्येक गाय आपल्या परीनें वेगळी असल्यामुळें सर्वांना मूळ खुराक एक द्यावा आणि वरचा खुराक दुधाप्रमाणें वाढवावा. हा विचार छापील कोष्टकांत उतरण्यास शतकाची अखेर उजाडली. १८९७ च्या सुमारास लेमान यानें वोल्फचें कोष्टक सुधारून दुभत्या गाईंचे चार वर्ग केले: ११ रत्तल दूध देणारी, १६.६ रत्तल देणारी, २२ रत्तल देणारी आणि २७.५ रत्तल देणारी. त्यांना द्यावयाचीं प्रथिनें अनुक्रमें १.६, २.०, २.५ आणि ३.३ रत्तल. वोल्फनें सर्व गाईंना जो आंकडा दिला होता तो वस्तुतः २२ रत्तल दूध देणाऱ्या गाईचा होता, हें आतां उघड झालें.

याहि पुढचें पाऊल अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत थिओफिलस हेकर यानें टाकलें. १८९० नंतरच्या दशकांत त्यानें आपल्या गोठ्यांतील गाईंचें रोजचें खाद्य आणि रोजचें दूध वर्षानुवर्षें नोंदलें. त्याबरोबर त्यानें भाकड गाईहि मुद्दाम ठेवल्या. दूध नाहीं, गर्भ नाहीं, वजन वाढत नाहीं कीं घटत नाहीं, अशा स्थितींत गाय जें खाते तें केवळ देह चालविण्याचें अन्न होय. १००० रत्तल वजनाच्या गाईला यासाठीं ०.७ रत्तल पचनीय प्रथिनें, ७ रत्तल पिष्टमय द्रव्यें आणि ०.१ रत्तल स्निग्धांश लागतो, असें त्यानें ठरविलें. हा देहाचा शिधा बाजूला काढल्यानंतर प्रत्येक रत्तल दुधासाठीं किती लागतें याचें निराळें कोष्टक त्यानें दिलें. तेंहि दुधांतील स्निग्धांशाप्रमाणें बदलणारें. दाट दुधाला अधिक अन्न लागतें, पातळाला कमी. कौटिल्यानें म्हशीच्या तुपाचा जो पंचमांश वेगळा काढला होता त्याचा हिशेब आतां गव्हाणींत आला. भारतांत पुढें रूढ झालेला ढोबळ नियमहि याच जातीचा आहे: मूळ शिध्याच्या वर गाईला दर अडीच किलो दुधामागें आणि म्हशीला दर दोन किलो दुधामागें एक किलो आंबोण.

देहाचा शिधा आणि दुधाचा शिधा वेगळे काढतांच एक विलक्षण गोष्ट नजरेस आली. ढोबळ आंकड्यांनीं बोलावयाचें तर १००० रत्तल वजनाच्या गाईला देहासाठीं रोज सुमारें ८ रत्तल पचनीय अन्न लागतें, आणि दर रत्तल दुधासाठीं सुमारें एक तृतीयांश रत्तल. रोज १० रत्तल दूध देणाऱ्या गाईला मग सव्वाअकरा रत्तल अन्न लागेल. म्हणजे रत्तलभर दुधामागें रत्तलाहून अधिक. ३० रत्तल देणारीला १८ रत्तल लागेल. म्हणजे रत्तलभर दुधामागें रत्तलाच्या तीन पंचमांशाइतकेंच. आणि ज्या गाईला ८ रत्तलांहून कमी मिळतें तिच्यापुढें टाकलेल्या वैरणीचें दूध मुळींच होत नाहीं. ती आपलें अंग झिजवून दिवस काढते. दहा गाईंची वैरण वीस गाईंत वांटली तर दूध तितकेंच राहील असें वाटतें, परंतु प्रत्यक्षांत तें जवळजवळ नाहींसें होतें. ज्या देशांत गुरें पुष्कळ आणि वैरण थोडी, त्या देशाला यांत केवढा धडा आहे तें सांगावयास नको.

पचलेलें सर्व अन्न सारख्याच कामाला येतें काय, हा प्रश्न अजून उरला होता. त्याचें उत्तर म्योकर्नच्याच ऑस्कर केल्नर यानें दिलें. हा गृहस्थ तत्पूर्वीं दहाबारा वर्षें टोकियोमध्यें अध्यापक होता. श्वासोच्छ्वासाचें मापन करणाऱ्या बंद खोलींत बैल ठेवून त्यानें दाखविलें कीं, काडासारखें राठ अन्न चावण्यांत आणि पोटांत आंबविण्यांतच त्याच्यांतील पुष्कळशी शक्ति खर्ची पडते. गव्हाच्या काडांतील पचलेला अंश धान्यांतील तितक्याच अंशाच्या मानानें फारच थोडें फळ देतो. १९०५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें शुद्ध पिष्ट हें माप धरून प्रत्येक खाद्याची खरी किंमत दिली. थेअरचें गवताचें नाणें शंभर वर्षांनीं अशा रीतीनें पिष्टाच्या नाण्यांत बदललें.

आतां शास्त्र तयार होतें; पण ग्रंथांतील कोष्टक गोठ्यापर्यंत कोणी न्यावयाचें? जर्मन प्राध्यापकांना जें साधलें नाहीं तें डेन्मार्कच्या लहान शेतकऱ्यांनीं साधलें, आणि या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद भाग माझ्या मतें हाच आहे. १८७० नंतर अमेरिकेचें आणि रशियाचें स्वस्त धान्य युरोपांत येऊं लागलें, तेव्हां धान्य विकून जगणारा डेन्मार्क देश पेंचांत सांपडला. त्यानें जकातीची भिंत न बांधतां व्यवसायच उलटा केला: धान्य आणि पेंड विकत घ्यावयाची, आणि लोणी करून इंग्लंडला विकावयाचें. १८७८ मध्यें दे लाव्हाल याचें साय वेगळी करणारें यंत्र निघालें. १८८२ मध्यें पश्चिम जटलंडांतील ह्येडिंग येथें पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. परंतु पेंड विकत घ्यावयाची म्हटल्यावर गाईपुढें ती डोळे मिटून टाकणें परवडणारें नव्हतें.

कोपनहेगनच्या कृषि-पशुवैद्यक विद्यालयांतील नील्स योहानेस फ्योर्ड यानें १८८० नंतरच्या दशकांत निराळ्याच प्रकारचे प्रयोग सुरू केले. प्रयोगशाळेच्या खोलींत एक बैल कोंडण्याऐवजीं तो प्रत्यक्ष शेतांवर गेला. वय, वजन, दूध आणि विण्याची तारीख जुळवून गाईंचे सारखे गट करावयाचे. एका गटाला धान्य, दुसऱ्याला पेंड, तिसऱ्याला कंदमुळें द्यावयाचीं. आणि दूध तोलावयाचें. अशा प्रयोगांतून डेन्मार्कला स्वतःचें माप मिळालें: धान्याचें एक वजन म्हणजे एक ‘खाद्य-एकक’. अमुक इतके कंद म्हणजे एक एकक, अमुक इतकें गवत म्हणजे एक एकक. पिष्ट, नत्र, कर्ब हे शब्द ज्यानें कधीं ऐकले नाहींत त्या शेतकऱ्यालाहि हा हिशेब बोटांवर करतां येई.

तिसरी पायरी उरली होती, प्रत्येक गाईच्या दुधाचें माप. १८९० मध्यें अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत स्टीफन बॅबकॉक यानें दुधांतील स्निग्धांश कांहीं मिनिटांत मोजण्याची स्वस्त रीत शोधून काढली, आणि तिचा एकाधिकार न घेतां ती सर्वांना मोकळी केली. थोड्याच काळांत स्वित्झर्लंडच्या गेर्बर यानें तशीच एक रीत काढली. मग १८९५ मध्यें डेन्मार्कमधील वायन या गांवच्या शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन एक संघ स्थापन केला. त्यांनीं वर्गणी काढून एक माणूस नेमला. तो तागडी, नमुन्याच्या बाटल्या आणि वही घेऊन पाळीपाळीनें प्रत्येक सभासदाकडे मुक्कामास जाई. संध्याकाळचें आणि सकाळचें प्रत्येक गाईचें दूध तोली, त्यांतील स्निग्धांश काढी, तिच्यापुढें टाकलेलें खाद्य तोली, आणि दोन्ही आंकडे एकाच पानावर समोरासमोर लिही. वर्षाच्या अखेरीस प्रत्येक गाईनें शंभर खाद्य-एककांमागें किती लोणी दिलें हें मालकाच्या हातांत पडे.

या वहीनें काय केलें असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. गोठ्यांतील मालकाची लाडकी, तुकतुकीत गाय कित्येकदां तोट्याची निघाली. आणि कोपऱ्यांतली, हाडें दिसणारी गाय सर्व गोठ्याचा भार वाहत होती असें सिद्ध झालें. निष्फळ गाई कमी झाल्या, उत्तम गाईंचा खुराक वाढला, आणि कोणाची कालवड राखावी हें आंकड्यांवरून ठरूं लागलें. वायनचें अनुकरण डेन्मार्कभर आणि शेजारच्या देशांत झालें. १९०५-०६ मध्यें एका डेन्मार्कवासीयाच्याच खटपटीनें अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत असा पहिला संघ निघाला. जगांतील दूधनोंदणीच्या संस्थांचा वंशवृक्ष या एका गांवापर्यंत येऊन पोंचतो. थेअरपासून केल्नरपर्यंतच्या विद्वानांनीं जें ज्ञान मिळविलें तें अशा रीतीनें मुक्कामाला येणाऱ्या एका पगारी माणसाच्या तागडींतून गोठ्यांत उतरलें.

मात्र आंकड्यांवर भिस्त ठेवण्यालाहि मर्यादा आहेत, आणि त्या इतिहासानेंच दाखविल्या. १९०७ ते १९११ या काळांत विस्कॉन्सिनमध्येंच एक प्रसिद्ध प्रयोग झाला. सोळा कालवडींचे चार गट केले. एकीला मका आणि मक्याचेंच बाकीचें झाड, दुसरीला गहूं, तिसरीला ओट, चौथीला तिहींचें मिश्रण. कोष्टकाप्रमाणें चारी शिधे समतोल, रसायनशास्त्राच्या दृष्टीनें सारखे. परंतु मक्यावरच्या गाई धष्टपुष्ट राहिल्या आणि त्यांचीं वासरें सशक्त निपजलीं. गव्हावरच्या गाई खंगल्या, आणि त्यांचीं वासरें मृत किंवा मरणोन्मुख जन्मलीं. कोष्टकांत न मावणारें कांहीं तरी अन्नांत आहे हें त्यावरून स्पष्ट झालें. या प्रयोगांत भाग घेणाऱ्या मॅक्कॉलम यानें १९१३ मध्यें मार्गरीट डेव्हिसबरोबर ज्या द्रव्याचा शोध लाविला तेंच पुढें ‘अ’ जीवनसत्त्व म्हणून प्रसिद्धीस आलें. गाईच्या गव्हाणींतून निघालेला हा शोध माणसाच्या मुलांच्या डोळ्यांना उपकारक ठरला.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे, आणि तिचा संबंध आपल्या मुंबईशीं येतो. चरवीच्या मापानें गव्हाण भरावयाची हें तत्त्व केवळ आजच्या चरवीपुरतें धरलें तर काय होतें? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईच्या तबेल्यांत गुजरात, काठेवाड, पंजाब येथून नुकत्याच व्यालेल्या उत्तमोत्तम म्हशी आणल्या जात. दूध असेपर्यंत त्यांना भरपूर पेंड-सरकी मिळे. दूध आटलें कीं शहरांतील भाड्याच्या जागेंत, विकतच्या वैरणीवर भाकड म्हैस पोसण्यापेक्षां नवी आणणें स्वस्त पडे. मग ती कसायाकडे जाई, आणि तिचें पारडूं तत्पूर्वींच उपासमारीनें गेलेलें असे. ज्या म्हशीनें आणखी चारपांच वेतें दिलीं असतीं ती एका वेतांत संपे, आणि देशांतील उत्तम वंश याच वाटेनें नष्ट होत. येथें हिशेबांत चूक नव्हती. हिशेबाची मुदत आखूड होती. पुढें १९४९ मध्यें आरे येथें म्हशींची वसाहत उभारण्यास आरंभ झाला त्यामागें तबेले शहराबाहेर नेण्याचा हेतु होता.

हेकरच्या कोष्टकाचा खरा अर्थ येथें पुन्हा आठवावा लागतो. त्यांत देहाचा शिधा पहिला आहे, दुधाचा दुसरा. देहाचा शिधा हा भाकड गाईचाहि हक्क आहे. किंबहुना तो भाकड गाईकडूनच शिकलेला आहे. इंग्लंडांत रॉबर्ट बाउटफ्लोर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत जो प्रचार केला त्याचे दोन भाग होते. दर गॅलन दुधामागें सुमारें साडेतीन रत्तल आंबोण द्यावें, हा एक; आणि गाय विण्यापूर्वींच्या आठवड्यांत, दुधाचा थेंबहि नसतां, तिला वाढता खुराक द्यावा, हा दुसरा. त्या दिवसांत दिलेला खुराक पुढच्या वेतांत दिसतो. कोणत्याहि एका दिवसाच्या दुधावरून गाईचें मोल ठरवूं नये, वेत ते वेत असा सबंध फेरा धरावा, हें शास्त्रानेंहि मान्य केलें.

आपल्या देशांत या विषयाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत सुरू झाला. १९२३ मध्यें बंगलोर येथें पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय यांची मध्यवर्ती संस्था निघाली. हीच पुढें १९५५ मध्यें कर्नाल येथें गेली. बंगलोरला प्रकृतिसुधारणेसाठीं राहिले असतां १९२७ मध्यें गांधीजींनीं या संस्थेंत जाऊन गोपालनाचे पाठ घेतले होते. तेथें एफ. जे. वॉर्थ आणि त्यांचे सहकारी यांनीं भाताचा पेंढा, कडबा, आपल्याकडील गवतें यांची पचनीयता तपासली. कारण जर्मन कुरणांतील गवताचे आंकडे आपल्या पेंढ्याला लावणें म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणें होय. १९२८ च्या शेतकी कमिशनानें आपल्या अहवालांत या देशांतील दुष्टचक्र वर्णिलें: वैरण अपुरी म्हणून गुरें निकृष्ट, गुरें निकृष्ट म्हणून त्यांची संख्या अधिक, आणि संख्या अधिक म्हणून वैरण आणखी अपुरी. स्कॉटलंडमधील दुग्धसंशोधनसंस्थेचे संचालक एन. सी. राइट यांनींहि १९३७ च्या आपल्या अहवालांत भारतीय गुरांच्या पोषणाचा प्रश्न पुढें मांडला.

स्वातंत्र्यानंतर खेडा जिल्ह्यांतील सहकारी संघानें या इतिहासाला वेगळें वळण दिलें. १९४६ मध्यें स्थापन झालेल्या या संघाच्या गांवोगांवच्या मंडळ्यांत सकाळ-संध्याकाळ दूध मापलें जाई आणि स्निग्धांशाप्रमाणें पैसे दिले जात. १९६४ मध्यें कंजारी येथें संघाचा पशुखाद्याचा कारखाना निघाला. त्याचें उद्घाटन पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनीं केलें. आतां जेथें दूध मापावयाचें तेथूनच समतोल आंबोण घरीं न्यावयाचें, अशी सोय झाली. तरी एक उणीव होतीच. मंडळींत मापलें जाई तें घरचें एकत्र दूध. घरांतील कोणती म्हैस काय देते हें तिला कळत नसे. ती भरून काढण्यासाठीं २०१२ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय दुग्धविकास योजनेंत एक कार्यक्रम आंखला गेला, आणि त्यांत महाराष्ट्राचाहि समावेश होता. गांवांतीलच एक शिकलेला तरुण किंवा तरुणी घरोघर जाई. जनावराच्या कानांतील बिल्ल्याचा क्रमांक पाही, छातीचा घेर मोजून वजन काढी, दूध मापी, घरांत कडबा, पेंड, कोंडा काय आहे तें विचारी, आणि संगणकावर हिशेब करून त्या एका जनावराचा स्वस्तांत स्वस्त समतोल आहार सांगे. तागडीच्या जोडीला संगणक आला, एवढाच काय तो फरक. वायनचा वहीवाला माणूस सव्वाशें वर्षांनीं आपल्या गोठ्याच्या दारांत उभा राहिला.

एकंदर पाहतां या इतिहासांतून दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या वाटतात. एक अशी कीं, गाईला तिच्या दुधाप्रमाणें देणें यांत कृपणता नाहीं. सर्वांना सारखें देण्यांत जी उधळपट्टी आणि जो अन्याय आहे तो त्यानें टळतो. देशांतील पेंड, कोंडा, सरकी यांचा प्रत्येक किलो योग्य गव्हाणींत पडला तर त्याच खर्चांत अधिक दूध निघतें, आणि त्याचा लाभ गवळ्याइतकाच शहरांतील मुलांना होतो. दुसरी अशी कीं, हा हिशेब देहाचा शिधा बाजूला काढल्यावरच सुरू होतो. अर्थशास्त्राच्या कर्त्यानें खुराक उत्पन्नाप्रमाणें सांगितला, पण गवत आणि पाणी सर्वांना यथेच्छ सांगितलें. थेअरच्या गवतापासून संगणकापर्यंत जें मोजमाप झालें त्यानें या नियमांतील पहिल्या भागाला आंकडे दिले. दुसऱ्या भागाला आंकड्यांची गरज नव्हती. तो पाळण्याची गरज होती, आणि ती आजहि आहे.